एकदा साठवा, सगळीकडे वापरा : मोबाईलच्या कीबोर्डमधले शॉर्टकट आणि संगणकाच्या काळ्या खिडकीतले शॉर्टकट

तालुका प्रतिनिधी

पत्ता, गट नंबर, बँकेचा आयएफएससी कोड, गावाचा पिन कोड. या चार गोष्टी आपण वर्षातून किती वेळा लिहितो? पीक विम्याचा अर्ज, अनुदानाचा अर्ज, ठिबकचा अर्ज, पोराच्या शिष्यवृत्तीचा अर्ज, आणि वर कोणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर विचारतोच, "भाऊ, पत्ता पाठवा." दर वेळी नव्याने टाईप करायचं आणि दर वेळी चुकायची संधी.

माझ्याच हातून झालेली चूक सांगतो. एका अर्जात आयएफएससी कोड लिहिताना पाचव्या जागी शून्याऐवजी इंग्रजी ओ हे अक्षर पडलं. दिसायला दोन्ही सारखेच. अर्ज घेणाऱ्यानं पाहिलं नाही, मीही पाहिलं नाही. पैसे आलेच नाहीत. दुरुस्तीसाठी जे हेलपाटे झाले त्यात पेट्रोलच किती गेलं याचा हिशोब मी ठेवला नाही, ठेवला असता तर अजून वाईट वाटलं असतं. तेव्हापासून मी एक काम केलं. जे वारंवार लिहावं लागतं ते एकदाच, पासबुक समोर ठेवून, मोबाईलच्या कीबोर्डमध्ये साठवलं. आता दोन-तीन अक्षरं टाईप करतो, पूर्ण मजकूर वर दिसतो, बोट लावलं की काम झालं.

हे कसं करायचं ते खाली टप्प्याटप्प्यानं दिलं आहे. लेखाच्या दुसऱ्या भागात संगणक शिकणाऱ्या मुलामुलींसाठी लिनक्सच्या टर्मिनलमध्ये हीच सोय कशी करायची तेही दिलं आहे. दोन्हीकडे तत्त्व एकच आहे.

आधी तत्त्व समजून घ्या : शॉर्टकट राहतो कुठे?

शॉर्टकट कुठे साठवला यावर तो कुठे चालणार हे ठरतं. घरातली पाण्याची टाकी गच्चीवर असली तर प्रत्येक नळाला पाणी येतं. बादलीत भरून ठेवलं तर जिथं बादली तिथंच पाणी.

व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस या अ‍ॅपमध्ये 'क्विक रिप्लाय' नावाची सोय आहे. दुकानदार, दूध संकलनवाले, रोपवाटिकावाले ती वापरतात. तिरपी रेघ टाईप केली की साठवलेली उत्तरं दिसतात. असे ५० पर्यंत क्विक रिप्लाय ठेवता येतात. पण ते फक्त त्याच अ‍ॅपमध्ये चालतात. ही झाली बादली.

कीबोर्डमध्ये साठवलेला शॉर्टकट मात्र व्हॉट्सअ‍ॅप, एसएमएस, ईमेल, फेसबुक, ब्राउझरमधले ऑनलाईन अर्ज, जिथं जिथं तो कीबोर्ड उघडतो तिथं चालतो. ही झाली टाकी. आपल्याला टाकी भरायची आहे.

जीबोर्डमध्ये शॉर्टकट कसा साठवायचा

बऱ्याच अँड्रॉइड मोबाईलवर गुगलचा जीबोर्ड हा कीबोर्ड असतो. फोनच्या कंपनीनुसार आणि भाषेनुसार नावं थोडी वेगळी दिसतील, पण वाट हीच.

१. कुठंही टाईप करायला जा म्हणजे कीबोर्ड उघडेल. कीबोर्डच्या वरच्या पट्टीत दातेरी चाकाचं चिन्ह असेल त्यावर बोट लावा. चिन्ह दिसत नसेल तर पट्टीच्या डाव्या बाजूला चार चौकोनांचं चिन्ह असतं, त्यात सेटिंग्ज सापडेल.

२. सेटिंग्जमध्ये 'डिक्शनरी' किंवा 'शब्दकोश' उघडा.

३. त्यात 'पर्सनल डिक्शनरी' म्हणजे 'वैयक्तिक शब्दकोश' आहे, तो उघडा.

४. भाषा विचारली जाईल. 'सर्व भाषा' असा पर्याय असेल तर तोच घ्या. मराठीखाली साठवलेला शॉर्टकट इंग्रजी कीबोर्डवर दिसत नाही आणि इंग्रजीखालचा मराठीवर दिसत नाही, त्यामुळे बऱ्याच जणांना वाटतं की आपलं काहीतरी बिघडलं. बिघडलेलं काही नसतं, भाषा वेगळी निवडलेली असते.

५. वर उजव्या कोपऱ्यात अधिकचं चिन्ह आहे. ते दाबलं की दोन रकाने येतील. वरच्या रकान्यात पूर्ण मजकूर लिहा, खालच्या रकान्यात शॉर्टकट लिहा. मागे या. साठवलं गेलं.

६. आता व्हॉट्सअ‍ॅप उघडून स्वतःलाच मेसेज लिहायला घ्या. शॉर्टकटची अक्षरं टाईप करा. कीबोर्डच्या वरच्या सूचनांच्या पट्टीत पूर्ण मजकूर दिसेल. त्यावर बोट लावा.

ध्यानात ठेवा, जीबोर्डमध्ये पट्टीवर बोट लावावं लागतं. पट्टीच दिसत नसेल तर सेटिंग्जमधल्या 'टेक्स्ट करेक्शन' मध्ये जाऊन सूचनांची पट्टी चालू करा.

सॅमसंग आणि आयफोनवाल्यांसाठी

सॅमसंगचा स्वतःचा कीबोर्ड वापरत असाल तर फोनच्या सेटिंग्जमध्ये 'जनरल मॅनेजमेंट', त्यात 'सॅमसंग कीबोर्ड सेटिंग्ज', आणि त्यात 'टेक्स्ट शॉर्टकट्स' शोधा. काही मॉडेलमध्ये ते 'मोअर टायपिंग ऑप्शन्स' च्या आत असतं.

आयफोनमध्ये सेटिंग्ज, मग जनरल, मग कीबोर्ड, मग 'टेक्स्ट रिप्लेसमेंट'. इथं शॉर्टकट टाईप करून स्पेस दिला की मजकूर आपोआप बदलतो. आयक्लाउड चालू असेल तर त्याच खात्याच्या आयपॅडवरही तेच शॉर्टकट येतात.

शॉर्टकटला नाव काय द्यायचं

इथंच लोक फसतात. एकानं पत्त्यासाठी पी आणि ए ही दोन अक्षरं ठेवली. आता तो 'पाणी' लिहायला गेला, 'पाऊस' लिहायला गेला की पहिली दोन अक्षरं होताच पत्ता डोकावतो. म्हणून नाव असं हवं जे नेहमीच्या लिखाणात येत नाही.

माझी सोपी युक्ती अशी. प्रत्येक शॉर्टकट इंग्रजी क्यू अक्षरानं सुरू करायचा. आपल्या रोजच्या लिखाणात क्यू जवळपास येतच नाही. उदाहरणार्थ :

क्यू आणि पी : पूर्ण पत्ता, पिन कोडसह
क्यू आणि जी : गट नंबर, गाव, तालुका, जिल्हा
क्यू आणि आय : बँकेचा आयएफएससी कोड
क्यू आणि एम : ईमेल पत्ता
क्यू आणि डी : "मी गाडी चालवतोय, थोड्या वेळानं फोन करतो."

सगळी अक्षरं लहान लिपीतली ठेवा. मजकूर मराठीत असला तरी शॉर्टकट इंग्रजी अक्षरांत ठेवलेला बरा. आणि पाच-सहा शॉर्टकटपासून सुरुवात करा. पन्नास करून ठेवले तर कुठलं काय हे आठवत बसण्यात वेळ जाईल.

साठवताना तपासा, नाहीतर चूक पक्की होईल

ही सोय दुधारी आहे. बरोबर साठवलं तर दर वेळी बरोबर. चुकीचं साठवलं तर दर वेळी चूक, आणि तीही न बघता. म्हणून साठवताना पासबुक, सातबारा, विजेचं बिल असं मूळ कागद समोर घ्या. घरातल्या दुसऱ्या माणसाला एकेक अक्षर मोठ्यानं वाचायला सांगा, तुम्ही मोबाईलवर बघत जा.

आयएफएससी कोडची रचना माहीत असेल तर चूक लगेच कळते. तो ११ अक्षरांचा असतो. पहिली चार इंग्रजी अक्षरं बँकेची. पाचवं नेहमी शून्य. शेवटची सहा शाखेची. पाचव्या जागी ओ दिसला की समजा चुकलं. पिन कोड ६ अंकी, आधार क्रमांक १२ अंकी, मोबाईल नंबर १० अंकी. मोजून बघायला काही खर्च नाही.

जुनं झालेलंही काढून टाका. १ एप्रिल २०१९ ला देना बँक आणि विजया बँक या दोन बँका बँक ऑफ बडोदामध्ये विलीन झाल्या, तेव्हा त्यांच्या शाखांचे कोड बदलले. त्यानंतर इतरही बँकांची विलीनीकरणं झाली. ज्यांच्या मोबाईलमध्ये किंवा डायरीत जुना कोड राहिला त्यांनी तोच पुढे लिहिला. वर्षातून एकदा, खरिपाच्या तोंडावर म्हणा, आपले शॉर्टकट उघडून नजर टाकायची सवय ठेवा.

काय साठवायचं नाही

शॉर्टकट म्हणजे तिजोरी नव्हे. तुमचा फोन ज्याच्या हातात आहे तो क्यू दाबून बघू शकतो. घरात एक फोन चार माणसं वापरतात हे आपल्याला ठाऊक आहे. म्हणून एटीएमचा पिन, यूपीआयचा पिन, पासवर्ड, एटीएम कार्डाचा नंबर, कार्डामागचे तीन अंक, यातलं काहीही साठवू नका. आधार क्रमांकही ठेवू नका, तो लागेल तेव्हा कार्ड बघून लिहावा.

आयएफएससी कोड ही उघड माहिती आहे, तो ठेवायला हरकत नाही. खाते क्रमांकाचं ज्यानं त्यानं ठरवावं. फोन मुलांच्या हातात जात असेल तर नको.

तसंही पासवर्डच्या रकान्यात कीबोर्ड सूचना दाखवत नाही, आणि यूपीआय पिन टाकताना वेगळेच अंक समोर येतात. ही सुरक्षेसाठी केलेली सोय आहे.

अडचण आली तर

*अर्जात फक्त अंकांचा कीबोर्ड येतो, अक्षरं टाईपच होत नाहीत.* काही रकाने असेच बनवलेले असतात. तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपमध्ये स्वतःला मेसेज करताना शॉर्टकट उघडा, तिथून कॉपी करा आणि अर्जात पेस्ट करा.

*कालपर्यंत चालत होतं, आज दिसत नाही.* कीबोर्ड बदलला आहे का बघा. एखादं नवीन कीबोर्ड अ‍ॅप टाकलं की तेच समोर येतं आणि तुमचे जुने शॉर्टकट जुन्याच कीबोर्डमध्ये राहू शकतात. फोनच्या सेटिंग्जमध्ये 'भाषा आणि इनपुट' मधून जुना कीबोर्ड परत निवडा.

*फोन बदलला किंवा रिसेट केला.* जीबोर्डच्या वैयक्तिक शब्दकोशात तीन टिंबांच्या मेनूत 'एक्सपोर्ट' म्हणजे निर्यातीचा पर्याय येतो. फाईल तयार होते, ती नव्या फोनवर 'इम्पोर्ट' करायची. हे जमत नसेल तर डायरीच्या शेवटच्या पानावर शॉर्टकटची यादी लिहून ठेवा. वही हँग होत नाही.

आता संगणक शिकणाऱ्या मुलांसाठी : टर्मिनलमधले शॉर्टकट

तालुक्यातली बरीच मुलं बीसीए, बीएस्सी कॉम्प्युटर, आयटीआयचे संगणक अभ्यासक्रम करतात. तिथं लिनक्स शिकवतात. लिनक्समध्ये टर्मिनल नावाची काळी खिडकी असते. तिच्यात हुकूम टाईप करायचा, म्हणजे कमांड. ती कमांड समजून घेणारा जो प्रोग्राम आत बसलेला असतो त्याला शेल म्हणतात. सगळ्यात जास्त वापरात असलेलं शेल म्हणजे बॅश. ते ब्रायन फॉक्स यांनी ग्नू प्रकल्पासाठी लिहिलं आणि १९८९ मध्ये बाहेर आलं.

लांब कमांडला छोटं नाव देण्याची सोय शेलमध्ये आहे. तिला एलियास म्हणतात, म्हणजे टोपणनाव. गावात माणसाचं कागदावरचं नाव वेगळं आणि हाक मारायचं वेगळं असतं ना, तसंच. ही सोय बॅशच्याही आधीची आहे. अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात बिल जॉय यांनी १९७० च्या दशकाच्या शेवटी लिहिलेल्या सी शेलमध्ये ती होती.

मुलांची नेहमीची तक्रार अशी : "काल एलियास केला होता, नवीन खिडकी उघडली तर गायब." कारण वर सांगितलं तेच. खिडकीत टाईप केलेला एलियास त्या खिडकीतल्या शेलच्या आठवणीत राहतो. खिडकी बंद, आठवण गेली. ही बादली. टाकी म्हणजे होम फोल्डरमधली एक लपलेली फाईल. तिचं नाव टिंबानं सुरू होतं आणि पुढे लहान लिपीत बी, ए, एस, एच, आर, सी. बोलताना तिला 'बॅश-आर-सी' म्हणतात. नवीन खिडकी उघडली की बॅश ही फाईल आधी वाचतं. त्यामुळे तिच्यात लिहिलेलं प्रत्येक नव्या खिडकीत मिळतं.

कृती अशी :

१. आधी खिडकीतच करून बघा. एलियास हा शब्द इंग्रजीत लिहा, म्हणजे ए, एल, आय, ए, एस. मग एक मोकळी जागा. मग तुमचं छोटं नाव. मग बरोबरचं चिन्ह. मग एकेरी अवतरणचिन्हांत पूर्ण कमांड. बरोबरच्या चिन्हाच्या अलीकडे किंवा पलीकडे मोकळी जागा सोडायची नाही. दहातल्या नऊ चुका इथंच होतात.

२. चाललं की फाईलमध्ये उतरवा. त्याआधी फाईलची एक नक्कल करून ठेवा. मग नॅनो या एडिटरनं बॅश-आर-सी उघडा, अगदी शेवटी जा आणि तीच ओळ लिहा. कंट्रोल आणि ओ दाबून एंटर म्हणजे साठवलं. कंट्रोल आणि एक्स म्हणजे बाहेर.

३. आता उघडलेल्या नव्या खिडक्यांत एलियास मिळेल. आधीपासून उघड्या असलेल्या खिडक्यांनी मात्र जुनीच फाईल वाचलेली आहे. त्या प्रत्येक खिडकीत सोर्स ही कमांड देऊन पुढे बॅश-आर-सी चा पत्ता लिहा, म्हणजे ती फाईल पुन्हा वाचते. नाहीतर खिडकी बंद करून परत उघडा.

४. नुसतं एलियास टाईप करून एंटर दाबलं की सगळ्या एलियासची यादी येते.

उबंटूमध्ये अजून एक सोय आहे. एलियाससाठी वेगळी फाईल ठेवता येते. तिचं नाव टिंब, बॅश, अंडरस्कोअर, एलियासेस. ही फाईल असेल तर बॅश-आर-सी स्वतःच ती वाचते. मूळ फाईलला हात लावायची गरज नाही, आणि नव्या संगणकावर ती एकच फाईल नेली की झालं. मॅकवर २०१९ च्या कॅटालिना आवृत्तीपासून बॅशऐवजी झेड शेल येतं, तिथं फाईलचं नाव झेड-एस-एच-आर-सी, सुरुवातीला टिंब.

ज्यांच्याकडे लॅपटॉप नाही ती मुलं मोबाईलवर टर्मक्स हे अ‍ॅप वापरतात. त्यात डाव्या कडेवरून बोट ओढलं की नवीन सेशन उघडता येतं. तिथंही होम फोल्डरमधली बॅश-आर-सी चालते. फाईल आधीपासून नसेल तर स्वतः तयार करावी लागते.

मुलांनो, या तीन चुका टाळा

एक : फाईलमध्ये ओळ जोडण्यासाठी एको कमांड आणि बाणाचं चिन्ह वापरतात. दोन बाण म्हणजे शेवटी जोडा. एक बाण म्हणजे आधीचं सगळं पुसून हे लिहा. एका बाणाच्या चुकीनं पूर्ण फाईल जाते. म्हणूनच वर नक्कल करायला सांगितली.

दोन : फाईल पुसणाऱ्या आरएम कमांडला "आधी विचार" असा एलियास लावून ठेवतात. चांगलं वाटतं, पण मग हाताला सवय लागते की ती विचारेलच. परीक्षेच्या किंवा नोकरीच्या ठिकाणच्या दुसऱ्या संगणकावर तुमचा एलियास नसतो, तिथं ती न विचारता पुसते. म्हणून अशा कमांडला वेगळंच नवीन नाव द्या, मूळ नाव आहे तसं राहू द्या.

तीन : एलियास हा माणसानं खिडकीत टाईप करण्यासाठी आहे. स्क्रिप्टच्या फाईलमध्ये बॅश तो सहसा ओळखत नाही. तिथं पूर्ण कमांडच लिहा.

थोडक्यात

मोबाईल असो की संगणक, वारंवार लागणारी गोष्ट योग्य जागी एकदा साठवा, साठवताना मूळ कागदाशी ताडून घ्या, गुप्त आकडे त्यात ठेवू नका आणि वर्षातून एकदा तपासा.

आज संध्याकाळी धार काढून झाली की दहा मिनिटं काढा. पासबुक घ्या, घरातल्या कॉलेजच्या पोरीला किंवा पोराला शेजारी बसवा आणि पहिला शॉर्टकट आयएफएससी कोडचा करा. पाचवं अक्षर शून्य आहे ना, तेवढं दोघांनी मिळून बघा.